वेबसाइटमधून डेटाबेसपर्यंत जाणारी चोरवाट: एका दिवसाची सोय कायमची ठेवू नका



ऑनलाइन ऑर्डरचा हिशेब एक्सेलमध्ये कसा घ्यायचा, या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, वेबसाइटचा डेटाबेस थेट आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडता येतो का? आमच्या डेव्हलपरने सर्व्हरवर एक फाइल टाकून तशी सोय करून दिलीय. चालेल ना?"

उघडता येतो. चालेल की नाही, ते ती फाइल आज कुठे पडलीय त्यावर आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. ही 'वेब टनेल' नावाची सोय एका दिवसाच्या कामासाठी ठीक आहे. ती महिनोन्‌महिने सर्व्हरवर ठेवणं म्हणजे दुकानाला कुलूप लावून मागची खिडकी उघडी ठेवणं. आणि ज्यांना ही सोय करून दिली जाते, त्यातल्या बहुतेकांना तिची गरजच नसते.

आता जरा सविस्तर. समजा, सांगलीत तुमचा हळद-मसाल्याचा धंदा आहे. वेबसाइट आहे, महिन्याला काही शे ऑर्डर येतात. त्या ऑर्डर, गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर हे सगळं होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर एका मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठतं. तुमच्या ऑफिसातल्या माणसाला रोज संध्याकाळी ती यादी हवी असते. तो कॉम्प्युटरवर नॅविकॅट किंवा एसक्यूएलयॉगसारखं सॉफ्टवेअर टाकतो, सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड भरतो आणि कनेक्ट दाबतो. होत नाही. कारण मायएसक्यूएलचा दरवाजा, म्हणजे पोर्ट ३३०६, होस्टिंगवाल्याने बाहेरून बंद ठेवलेला असतो. आणि तो बंद ठेवतो हे बरंच करतो.

मग डेव्हलपर एक पीएचपी फाइल वेबसाइटच्या फोल्डरमध्ये टाकतो. नॅविकॅटसोबत अशी फाइल येते, तिचं नाव 'एनटनेल_मायएसक्यूएल'. बंगळुरूच्या वेबयोग कंपनीने बनवलेल्या एसक्यूएलयॉगचीही तशीच फाइल आहे. ही फाइल काय करते? तुमच्या दुकानात काउंटरवर एक पोरगा उभा आहे असं समजा. आतल्या गोदामात बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, पण पोरगा आतबाहेर करू शकतो. तुम्ही त्याच्या हातात चिठ्ठी देता, तो आत जातो, सामान आणतो, तुमच्या हातात ठेवतो. वेबसाइटचा काउंटर तर सगळ्या जगासाठी उघडाच असतो. त्यामुळे ३३०६ चा दरवाजा बंद असला तरी काम होतं. याला एचटीटीपी टनेल म्हणतात. डोकं चांगलं लावलंय, यात शंका नाही.

अडचण त्या पोराची आहे. तो तोंड ओळखत नाही. चिठ्ठीवर बरोबर युजरनेम आणि पासवर्ड असला की तो आत जातो, मग चिठ्ठी देणारा सांगलीचा असो की रशियातला. शिवाय चुकीच्या चिठ्ठ्या घेऊन कुणी दिवसभर समोर उभा राहिला, तरी तो त्याला हाकलत नाही. ती फाइल साध्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. बऱ्याचदा तपासणीचं एक पान दिसतं: सर्व्हरवर पीएचपीची कोणती आवृत्ती आहे, कोणती सोय चालू आहे, आणि खाली होस्ट, युजर, पासवर्ड टाकून बघायचे रकाने. म्हणजे कुलपाचं भोक कुठे आहे हे दाखवणारी पाटी आपणच लावलीय! फाइलचं नाव ठरलेलं असल्यामुळे ती शोधायलाही कष्ट नाहीत. वेबसाइटच्या पत्त्यापुढे ते नाव जोडून बघणारे बॉट्स रात्रंदिवस फिरत असतात.

यावर डेव्हलपर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "अहो, तुमच्या छोट्या साइटवर कोण येणार?" हे उत्तर मला अजिबात पटत नाही. बॉटला तुमचा धंदा छोटा की मोठा हे कळत नाही. तो पत्त्यांची यादी घेऊन एकेक दार ढकलत जातो, उघडलं तर आत. फेब्रुवारी २०१७ मध्ये जगभरातल्या उघड्या पडलेल्या मायएसक्यूएल सर्व्हरवर असाच हल्ला झाला. पासवर्डचे अंदाज मारत आत शिरायचं, डेटा पुसायचा आणि मागे एक टेबल ठेवायचं: ०.२ बिटकॉइन भरा, डेटा परत मिळेल. पैसे भरूनही तो मिळेल याची काही खात्री नव्हती. त्याच्या महिनाभर आधी मॉन्गोडीबीच्या हजारो डेटाबेसवर हाच प्रकार झाला होता. त्यानंतर लोक शहाणे झाले म्हणावं, तर मे २०२२ मध्ये शॅडोसर्व्हर या संस्थेने मोजणी केली तेव्हा सुमारे ३६ लाख मायएसक्यूएल सर्व्हर इंटरनेटवरून थेट हाक मारल्यावर उत्तर देत होते.

तुम्ही म्हणाल, ही तर उघड्या पोर्टची गोष्ट झाली, टनेल फाइलची नाही. मग ॲडमिनरची गोष्ट ऐका. ॲडमिनर हे एकाच पीएचपी फाइलमध्ये मावणारं, फुकट आणि खरंच उपयोगी डेटाबेस-साधन आहे. डेव्हलपर कामासाठी ते साइटवर टाकतात आणि विसरतात. २०१९ च्या सुरुवातीला नेदरलँड्सचे सुरक्षा-संशोधक विलेम दे ग्रोट यांनी दाखवून दिलं की ४.६.२ पर्यंतच्या आवृत्त्यांमधून चोर सर्व्हरवरच्या फाइली वाचू शकतात. पद्धत बघा. चोर स्वतःचा एक नकली मायएसक्यूएल सर्व्हर उभा करतो. मग तुमच्या साइटवर विसरलेल्या ॲडमिनरला सांगतो, "माझ्या त्या सर्व्हरला जोड." ते जोडलं जातं, आणि नकली सर्व्हर उलट मागणी करतो, "तुझ्याकडची अमुक फाइल पाठव." ती फाइल म्हणजे दुकानाच्या डेटाबेसचा पासवर्ड ज्यात लिहिलाय ती. पासवर्ड मिळाला की त्याच ॲडमिनरमधून आत. ऑनलाइन दुकानांवर असे हल्ले प्रत्यक्ष झाले. ॲडमिनरने पुढच्या आवृत्तीत ते भोक बुजवलं, पण विसरलेली जुनी फाइल स्वतःहून अपडेट होत नसते ना.

टनेल फाइलही 'कोणत्या सर्व्हरला जोडू?' हे चिठ्ठीवरूनच वाचते. म्हणजे तुमच्या काउंटरवरच्या पोराला तिसराच माणूस शेजारच्या गोदामातही पाठवू शकतो.

अजून एक गोष्ट, जी फार कमी जण सांगतात. हा पोरगा प्रत्येक चिठ्ठीनंतर आधीचं विसरतो. टनेलमधून जाणारी प्रत्येक मागणी वेगळी असते. दर वेळी नव्याने लॉगिन, नव्याने कनेक्शन. म्हणून युजरनेम-पासवर्ड प्रत्येक मागणीबरोबर पुन्हा पुन्हा जातो. तुमच्या टनेलचा पत्ता 'एचटीटीपीएस' ऐवजी नुसत्या 'एचटीटीपी' ने सुरू होत असेल, तर कॅफेच्या वायफायवर बसून काम करताना तो पासवर्ड वाटेत वाचता येतो. आणि विसरण्याचा दुसरा तोटा पैशांत होतो. थेट कनेक्शनवर 'ट्रान्झॅक्शन' सुरू करून बदल करता येतो, चुकलं तर मागे घेता येतो. टनेलमधून ही मागे घ्यायची सोय भरवशाची राहत नाही, कारण बदल एका कनेक्शनवर झाला आणि 'मागे घे' हा निरोप दुसऱ्याच कनेक्शनवर पोचला. दिवाळीच्या आठ दिवस आधी ऑफिसातल्या पोराने हळदीच्या एका पाकिटाचा भाव बदलायला जावं, अट लिहायची राहावी आणि दुकानातल्या सगळ्या मालाचा भाव १८० रुपये होऊन बसावा. बॅकअप नसेल तर प्रत्येक भाव हाताने भरा. तोपर्यंत केशराची डबीसुद्धा १८० ला विकली जाणार.

संथपणा तर आहेच. पीएचपीला किती सेकंद चालू द्यायचं याची होस्टिंगवर मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ३० सेकंद. मोठी यादी मागितली की अर्ध्यात तुटते.

मग करायचं काय? आधी गरज तपासा.

तुम्हाला रोजच्या ऑर्डरची यादीच हवी असेल, तर डेटाबेसला हात लावायचं कारणच नाही. वूकॉमर्स वापरत असाल तर ॲनालिटिक्समध्ये ऑर्डरचा रिपोर्ट सीएसव्ही म्हणून उतरवता येतो, ती फाइल थेट एक्सेलमध्ये उघडते. साइट कुणाकडून खास बनवून घेतली असेल तर त्याच्याकडून ॲडमिन पॅनेलमध्ये 'एक्सपोर्ट' चं एक बटण करून घ्या. तासा-दोन तासांचं काम आहे, त्यासाठी पैसे द्या, खुशीने द्या. बटणामागे बसलेला तुमचा माणूस यादी बघेल, पण चुकून टेबल पुसणार नाही. कधीतरीच डेटाबेस बघायचा असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पीएचपीमायॲडमिन बहुधा असतंच, पॅनेलच्या लॉगिनच्या आत, आणि त्याची काळजी होस्टिंगवाला घेतो.

गरज खरीच असेल, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर जोडायचंय, रोजचा बॅकअप घरच्या डिस्कवर ओढायचाय, किंवा मोठा रिपोर्ट काढायचाय, तर एसएसएच टनेल मागा. नाव भीतीदायक वाटतं, पण काम सोपं आहे. काउंटरवरच्या पोराऐवजी तुमच्या कॉम्प्युटरपासून सर्व्हरपर्यंत बंद नळी टाकली जाते. नळीच्या तोंडाशी वेगळी ओळख द्यावी लागते, आतला सगळा मजकूर कुलूपबंद जातो, आणि डेटाबेसचं कनेक्शन सलग राहतं, म्हणून ट्रान्झॅक्शनही नीट चालतं. हायडीएसक्यूएल, डीबीव्हर, मायएसक्यूएल वर्कबेंच ही तिन्ही साधनं फुकट आहेत आणि तिन्हींमध्ये ही सोय आहे. एका ठिकाणी मात्र बहुतेक जण अडकतात: डेटाबेसच्या होस्टच्या रकान्यात वेबसाइटचं नाव टाकतात. तिथे १२७.०.०.१ टाकायचं. नळी सर्व्हरच्या आत उघडते, आणि आत पोचल्यावर डेटाबेस 'इथेच' असतो. वेबसाइटचं नाव टाकायचं ते एसएसएचच्या रकान्यात.

पासवर्डऐवजी चावीची जोडी वापरा. खासगी चावी तुमच्या कॉम्प्युटरवर, दुसरी सर्व्हरवर. माणूस नोकरी सोडून गेला की सर्व्हरवरच्या यादीतली त्याची एक ओळ काढायची, बाकी कुणाचं काही बदलावं लागत नाही. सगळ्यात स्वस्त होस्टिंग प्लॅनमध्ये कधीकधी एसएसएच नसतं. काही जण मागितल्यावर चालू करून देतात. नाहीच दिलं तर वरचा प्लॅन घ्या, नाहीतर होस्टिंग बदला. पॅकिंगचा खोका चांगला मिळावा म्हणून आपण दोन रुपये जास्त मोजतो, मग गिऱ्हाइकांच्या पत्त्यांनी काय पाप केलंय?

तिसरी वाट म्हणजे सीपॅनेलमधलं 'रिमोट मायएसक्यूएल'. तिथे तुमचा आयपी टाकला की फक्त त्या आयपीला ३३०६ वरून आत सोडतात. कागदावर छान. आपल्याकडे घरच्या ब्रॉडबँडचा आणि मोबाइल डेटाचा आयपी बदलत राहतो, मोबाइलवर तर एकाच आयपीमागे कितीतरी ग्राहक असतात. मग दर दोन दिवसांनी कनेक्शन तुटतं, तुम्ही डेव्हलपरला फोन करता, आणि तो वैतागून आयपीच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाकतो. त्या चिन्हाचा अर्थ 'कुणीही या'. तुमच्या पॅनेलमध्ये ते चिन्ह दिसलं तर आजच काढा. ऑफिसला स्थिर आयपी घेतला असेल तरच या वाटेने जा.

उलटी गरजही असते. डेटाबेस दुकानातल्याच कॉम्प्युटरवर आहे, आणि तुम्हाला तो पुण्याच्या शाखेतून बघायचाय. इथे राउटरमध्ये पोर्ट उघडून देणारे बरेच 'एक्स्पर्ट' भेटतील. नको. क्लाउडफ्लेअर टनेल फुकट मिळतं. त्यात दुकानातला कॉम्प्युटर आतून बाहेर कनेक्शन जोडतो, त्यामुळे राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि स्थिर आयपीही लागत नाही. त्यासाठी तुमचं डोमेन क्लाउडफ्लेअरवर हवं. पण त्यावर 'कोणत्या ईमेलवाल्याला आत सोडायचं' हा नियम लावलाच पाहिजे. तो न लावता टनेल सुरू केलं तर पुन्हा तीच मागची खिडकी, फक्त नवीन रंगाची.

आणि एचटीटीपी टनेल? मी त्याच्या विरुद्ध नाही. जुनं होस्टिंग सोडून नव्यावर जायचंय, एसएसएच नाही, पॅनेलमधून डेटा उतरत नाही, अशा वेळी ती फाइल कामाला येते. टाकताना नाव बदलून अवघड ठेवा, फोल्डरला सीपॅनेलच्या 'डिरेक्टरी प्रायव्हसी' मधून वेगळा पासवर्ड लावा (नॅविकॅटमध्ये तो भरायची जागा आहे), एचटीटीपीएसच वापरा. आणि काम झालं की त्याच दिवशी फाइल काढा. मोबाइलमध्ये अलार्म लावून काढा.

कोणतीही वाट घ्या, डेटाबेसचा मुख्य युजर कुणाच्या हातात देऊ नका. सीपॅनेलमध्ये दुसरा युजर बनवून त्याला फक्त 'सिलेक्ट' चा हक्क देता येतो. तो वाचू शकतो, बदलू शकत नाही. यादी बघणाऱ्या माणसाला एवढंच लागतं. याला पाच मिनिटं लागतात, पण कुणी करत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता पैशांपलीकडची बाजू. तुमच्या ऑर्डरची यादी बाहेर गेली की गिऱ्हाइकाच्या दारात न मागवलेलं कॅश-ऑन-डिलिव्हरी पार्सल येऊ शकतं, तुमच्या दुकानाच्या नावाने फोन येऊ शकतो. नाव, पत्ता, मागे काय घेतलं होतं, सगळं बरोबर सांगणाऱ्या माणसावर कुणीही विश्वास ठेवतो. फसलेली बाई डेव्हलपरला ओळखत नाही, ती तुमच्या मसाल्याला शिव्या देते. कायदाही तेच म्हणतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. डेटा ज्याच्यासाठी गोळा केला, जबाबदारी त्याची, काम दुसऱ्याकडून करून घेतलं असलं तरी. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सांगलीच्या मसालेवाल्याला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, घाबरवायचा उद्देश नाही. पण "मला त्यातलं काही कळत नाही, ते पोरगं बघायचं" हे उत्तर चालणार नाही.

चांगला डेव्हलपर असे प्रश्न विचारल्यावर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. खालचा मेसेज कॉपी करून आजच पाठवा:

"नमस्कार, आपल्या साइटवर डेटाबेस बघण्यासाठी टाकलेली कोणतीही टनेल फाइल किंवा ॲडमिनर असेल तर कृपया काढून टाका आणि काढल्यावर कळवा. रिमोट मायएसक्यूएलमध्ये कोणकोणते आयपी आहेत त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. डेटाबेसचे युजर किती, कुणाकडे कोणता आणि कुणाला काय हक्क, ते लिहून द्या. ऑफिससाठी फक्त वाचता येईल असा वेगळा युजर आणि एसएसएच हवं आहे, खर्च सांगा. होस्टिंग आणि डोमेनचं खातं माझ्या ईमेलवर आहे का, तेही कळवा."

तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर होस्टिंग कंपनीच्या सपोर्टला स्वतः फोन लावा आणि हेच प्रश्न त्यांना विचारा. डेटाबेसचा पासवर्ड बदलायला सांगितला, तर वेबसाइटच्या कॉन्फिग फाइलमध्येही तो बदलायला लावा, नाहीतर साइट बंद पडेल. शनिवारी संध्याकाळी हे करू नका, मंगळवारी सकाळी करा. सपोर्टवाले जागेवर असतात, आणि ऑर्डरही कमी असतात.